सहा बँका, तीन कार्डं आणि गावचं एक खातं: आधी काय बंद करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, राहायला ठाण्यात. चार नोकऱ्या झाल्या आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या बँकेत पगाराचं खातं काढून दिलं. आज सहा बचत खाती, तीन क्रेडिट कार्डं, दोन डीमॅट, म्युच्युअल फंडांचे अकरा फोलिओ, एलआयसीच्या चार पॉलिसी, पोस्टातलं पीपीएफ, जुन्या दोन पीएफ खात्यांचं भिजत घोंगडं, आणि गावी जिल्हा बँकेत वडिलांबरोबरचं एक जॉइंट खातं. पत्नी शिक्षिका. तुम्ही विचारता, यातलं काय बंद करू, सुरुवात कुठून करू, आणि हे सगळं एकत्र दाखवणारं एखादं ॲप आहे का.

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. निवृत्तीनंतर सांगलीत घरीच लोकांचे असे कागद लावून देते. त्या अनुभवावरून सांगते: 'काय बंद करू' हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की कुठल्या खात्याला काय काय बांधलेलं आहे? खातं बंद करायला शाखेत अर्धा तास पुरतो. त्याला लोंबकळणारे धागे सोडवायला दोन-तीन महिने लागतात, आणि लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी असंच उत्साहाच्या भरात मार्चमध्ये एक खातं बंद केलं. वर्षातून एकदाच कापला जाणारा मेडिक्लेमचा हप्ता त्याच खात्यावर होता. तो जूनमध्ये कापला गेला नाही. मेसेज जुन्या नंबरवर गेले, मुदतीनंतरचे सवलतीचे दिवसही निघून गेले. पॉलिसी बंद पडल्याचं कळलं ते ऑगस्टमध्ये, बायकोला ॲडमिट करताना. त्यांना सहा खाती त्रास देत नव्हती, वर्षाला फार तर हजारभर रुपये खात होती. सगळ्यात महाग पडलं ते बंद केलेलं खातं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. गृहकर्ज कुठल्या बँकेचं आहे, कर जुन्या पद्धतीने भरता की नव्या, पत्नीचा पगार कुठल्या बँकेत जमा होतो आणि ती बँक बदलणं तिच्या हातात आहे का (शिक्षकांच्या बाबतीत बहुधा नसतं), यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे 'अमुक बँक ठेवा, तमुक सोडा' असं मी सांगणार नाही. पद्धत सांगते.

सुरुवात पासबुकांपासून करा. सहाही खात्यांचे गेल्या तेरा महिन्यांचे उतारे काढा. तेरा अशासाठी, की वर्षातून एकदाच होणारी नोंद बारा महिन्यांत दोन-चार दिवसांच्या फरकाने निसटते. छापील कागद घ्या, स्क्रीनवर हे काम होत नाही. रंगीत पेन्सिलीने नुसत्या खुणा करायच्या: बाहेरून आपोआप काय जमा होतं, आपोआप काय कापलं जातं, आणि बँक स्वतःसाठी काय कापते.

गेल्या वर्षी एक जोडपं माझ्या जेवणाच्या टेबलावर हेच करत बसलं होतं. नवऱ्याच्या दोन बँकांच्या उताऱ्यांत मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ४३६ रुपये नावे पडलेले, दोन्हीकडे. तो म्हणाला, "बँकेचा काहीतरी चार्ज असेल, जाऊ द्या." तो चार्ज नव्हता. तो होता प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता. दोन्ही शाखांत खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली. हा दोन लाखांचा विमा माणसामागे एकच मिळतो. दोन बँकांतून हप्ते भरले म्हणून चार लाख मिळत नाहीत, दुसरा हप्ता निव्वळ वाया. गंमत म्हणजे बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या बरंवाईट झालं असतं तर जो एक विमा खरा होता, त्याचाही दावा कुणी केला नसता. २० रुपयांची अशीच नोंद दिसली तर तो अपघात विमा, सुरक्षा बीमा योजनेचा. एवढ्या बारीक रकमेकडे कुणाची नजर जात नाही, पण त्याच नोंदी सगळ्यात जास्त बोलतात.

जमेच्या बाजूलाही असंच पाहायचं. गॅसचं अनुदान, शेअर्सचा लाभांश, प्राप्तिकराचा परतावा कुठे येतो? सरकारी योजनेचे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि त्यासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे हप्ते सुरू झाले तेव्हा कितीजणी 'पैसे आलेच नाहीत' म्हणत फिरत होत्या, आणि पैसे कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते. तुमच्या सहांपैकी आधारला कुठलं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. ते खातं शेवटपर्यंत हलवू नका.

पासबुकं झाली की जे आठवत नाही ते शोधायचं. ॲपबद्दल विचारलंत, तर अकाउंट ॲग्रीगेटर नावाची रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेली व्यवस्था आहे. तुमच्या संमतीने ती निरनिराळ्या खात्यांची माहिती एका जागी आणते. वापरा, पण सगळं त्यात येईल असं समजू नका. पोस्ट, पतसंस्था, गावची छोटी बँक हेच धागे निसटतात. आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मागणारं ॲप असेल तर ते त्याच क्षणी काढून टाका.

माझी भिस्त ॲपपेक्षा जुन्याच चार-पाच ठिकाणांवर आहे. पहिलं, प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस. कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठल्या कंपनीने लाभांश दिला, हे तिथे पॅननुसार आलेलं असतं. विसरलेल्या ठेवी मला सर्वांत जास्त इथेच सापडल्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरं, डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅटमधले शेअर्स सांभाळणाऱ्या संस्थेकडून, येणारं एकत्रित स्टेटमेंट. त्यात डीमॅट आणि म्युच्युअल फंड दोन्ही दिसतात. तिसरं, पीएफचं यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून असलेला एकच क्रमांक, आणि त्याचं पासबुक. चौथं, रिझर्व्ह बँकेचं २०२३ मध्ये सुरू झालेलं 'उद्गम' पोर्टल. दहा वर्षं कुणी हात न लावलेले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवतात. ते बुडत नाहीत, वारसांनाही परत मिळतात, पण आधी कुठे आहेत ते कळायला हवं. तिथे तुमच्या नावाबरोबर वडिलांचं आणि आजोबांचंही नाव टाकून पाहा. नावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे करून बघा, कारण जुन्या कारकुनाने काय लिहिलं असेल सांगता येत नाही. जुनी देना बँकेची पासबुकं सापडली तर घाबरू नका, ती खाती २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहेत.

पाचवं ठिकाण क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लोक फक्त आकडा बघतात, ७५० की ७८०. आकडा सोडा, आत काय लिहिलंय ते वाचा. बंद केलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड'? सेटल्ड म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन प्रकरण मिटवलं, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो शब्द नडतो. आपण न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्याच संकेतस्थळावर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी असा नियम आहे. आणि तुम्ही कुणाच्या बँक कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही तिथे दिसतं. आपल्याकडे चहा पिता पिता जामीनदाराच्या रकान्यात सही करणारे पुष्कळ असतात.

पतसंस्थेचं कर्ज मात्र या रिपोर्टमध्ये बहुधा सापडत नाही. पत्नीच्या पगारपत्रकात सेवकांच्या पतपेढीची कपात असणारच: शेअर्स, कायम ठेव, कदाचित कर्जाचा हप्ता. तिने कुठल्या सहकाऱ्याला जामीन दिलाय का, ते तिलाच विचारावं लागेल. कर्जदार थकला तर सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे वसुलीची नोटीस जामीनदाराच्याही दारात येते.

पतसंस्थेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगून टाकते. बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा बँक असो वा नागरी सहकारी, प्रत्येक बँकेमागे माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागून काही साधत नाही, बेरीज एकच धरतात. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण मुळीच नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून १००० रुपयेच काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवरचे निर्बंध २०१३ पासून होते, शेवटी २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. हे पाहिलेलं असूनही लोक एक टक्का जादा व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम ओळखीच्या चेअरमनकडे ठेवतात. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर मी साडेचार लाखांच्या वर जाऊ देत नाही, म्हणजे व्याज धरून पाचाच्या आत बसतं.

आता बंद करायचं काम. तुमच्यासारख्या घराला माझ्या मते तीन खाती पुरतात. एक पगाराचं, ज्यातून हप्ते आणि घरखर्च जातो. एक दुसऱ्या बँकेत, थोडी शिल्लक आणि अडीनडीची ठेव ठेवायला, कारण एखाद्या दिवशी एका बँकेची यंत्रणा बंद असली तरी दवाखान्याचं बिल थांबत नाही. आणि एक नवरा-बायकोचं जॉइंट. बाकीच्यांतून आधी सगळी मँडेटं, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, ठेवायच्या खात्यावर वळवा: कर्जाचे हप्ते, एसआयपी, विमा, फास्टॅग, वीजबिल. डीमॅट, फंड, पीएफ आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर नोंदलेलं बँक खातं बदला, ही चार ठिकाणं हमखास विसरतात. मग जुन्या खात्यात हजार-दोन हजार ठेवून दोन महिने नुसतं बघत बसा. काहीतरी कापायला येतंच. काही आलं नाही की मिळतील तितक्या वर्षांची स्टेटमेंटं उतरवून घ्या, कारण खातं बंद झालं की नेटबँकिंगही बंद. त्यानंतर शाखेत अर्ज, उरलेले चेक आणि कार्ड जमा, आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात. नुसत्या 'झालं म्हणून समजा'वर उठू नका. मी स्वतः काउंटरच्या पलीकडे बसत होते म्हणून सांगते.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. त्यात मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही, बचतीचं व्याज चालू राहतं, आणि केवायसी देऊन ते सुरू करून घ्यायला पैसे लागत नाहीत. त्यामुळे 'दंड साचला असेल' या भीतीने जुन्या बँकेत जायचं टाळू नका.

क्रेडिट कार्डांत सगळ्यात जुनं आणि बिनशुल्क असलेलं ठेवा, एक रोजच्या वापराचं ठेवा, तिसरं सोडा. सोडताना बाकी अगदी शून्य हवी. एका मुलाने कार्ड कापून कचऱ्यात टाकलं, त्यावर वार्षिक शुल्काच्या जीएसटीचे काही रुपये राहिले होते. त्यावर उशिराचं शुल्क, त्यावर व्याज असं चढत गेलं, आणि दोन वर्षांनी गृहकर्जाच्या वेळी रिपोर्टमध्ये थकबाकीदार म्हणून नाव. बाकी शून्य असताना लेखी विनंती केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं कंपनीवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. म्हणून विनंती ईमेलने करा, तारीख राहते.

अकरा फोलिओंची मला विशेष काळजी वाटत नाही. एकाच फंड घराण्यातले फोलिओ, खातेदार आणि त्यांची नावं सारखी असतील, तर अर्ज करून एकत्र होतात. त्यात विक्री नसते, म्हणून करही नाही. आवराआवर म्हणून योजना विकू मात्र नका. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकलात तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. योजना वाईट असेल तर विका, यादी लांब दिसते म्हणून नको. डीमॅटचंही तसंच: शेअर्स आपल्याच दुसऱ्या डीमॅटमध्ये हलवून एक बंद करता येतं.

जुने दोन पीएफ काढून घेऊ नका, चालू खात्यात वर्ग करा. सलग नोकरी पाच वर्षांच्या आत असताना काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. वर्ग केलं की जुनी वर्षंही मोजली जातात. पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी ५०० रुपयेही भरले नसतील तर खातं खंडित असेल. दर वर्षामागे ५०० आणि ५० दंड भरला की चालू होतं. एलआयसीच्या चारही पॉलिसींचे हप्ते, मुदत आणि नॉमिनी एका कागदावर लिहून शाखेतून स्थिती विचारून घ्या. सरेंडर करावं की नाही, हे आकडे पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये आणि तुम्ही ऐकूही नये.

हे करताना प्रत्येक ठिकाणी नॉमिनी तपासा. लग्नाआधीच्या खात्यांवर आई नॉमिनी असते आणि पंधरा वर्षं कुणी बदललेलं नसतं. पीएफचं नामांकन तर लग्नानंतर नव्याने भरावंच लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, ठेवींसाठी टक्केवारीही ठरवता येते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच. घरात वाद होण्याची थोडी जरी शक्यता असेल तर मृत्युपत्र करा, ते नॉमिनीपेक्षा वरचढ ठरतं.

शेवटी एक कागद तयार होईल: खातं कुठे, कुठली शाखा, शेवटचे चार आकडे, कशासाठी, त्याला काय बांधलंय, नॉमिनी कोण. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका. एक प्रत पत्नीला द्या, आणि एकदा तिला शेजारी बसवून मोठ्याने वाचा. ती अडेल तिथे तो कागद अपुरा आहे असं समजा.

राहिलं गावचं खातं. वडील आहेत तोवर ते बंद करायचा विचारही करू नका. उसाचं बिल, पीक विम्याची रक्कम, विकास सोसायटीच्या पीककर्जाची जमा-नावे, यांपैकी काहीतरी तिथे बांधलेलं असणार, आणि ते तुम्हाला ठाण्यात बसून दिसणार नाही. पुढच्या सुट्टीत वडिलांना घेऊन शाखेत जा. पासबुक भरून घ्या. खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं आहे की दोघांच्याही सह्या लागतात, ते विचारा. दोघांच्या सह्यांचं असेल तर एक माणूस गेल्यावर ते अडतं, म्हणून दोघं समोर असतानाच बदलून घ्या. बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे का बघा. पंधरा वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बंद सिमचा असतो तो. दोन फोटो, आधार आणि पॅन दोघांचंही बरोबर ठेवा, नाहीतर 'उद्या या' ऐकून परत यावं लागेल.

आणि परत येताना त्यांना विचारा, कुणाला जामीन आहात का. आधी 'नाही' म्हणतील. विषय सोडून द्या, घरी जाऊन चहा होऊ द्या, मग एखाद्या चुलत्याचं किंवा शेजाऱ्याचं नाव निघेल. ते नाव, सोसायटीचं किंवा पतपेढीचं नाव आणि अंदाजे साल तेवढं त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घ्या.